दोन मर्यादा, एकच वाक्य : प्रवाही भूमितीतल्या एका शोधनिबंधाची चिकित्सा



या मालेत आपण निकाल समजून घेतो, पण निकाल ज्या लिखाणातून येतो ते लिखाण तपासायला फारसे थांबत नाही. प्रमेय बरोबर आहे ना, मग झालं, अशी आपली वृत्ती. आज थोडं वेगळं करू. एक शोधनिबंध घेऊ आणि समीक्षक जसं पुस्तक वाचतो तसा वाचू. त्यात काय साधलं आहे, काय राहिलं आहे, आणि आपण वाचक त्यातून काय चुकीचं उचलतो, हे बघू. गणित लागेल, पण शाळेच्या भूमितीपलीकडे फारसं नाही.

निबंध आहे पंकज अगरवाल आणि आर. शरथकुमार यांचा. २०१० साली सोडा या परिषदेत तो मांडला गेला. विषय असा : बिंदूंचा प्रवाह येतो आहे, बिंदू अनेक मितींतले आहेत, आणि आपल्याजवळची मेमरी थोडी आहे. एवढ्यावर बिंदूसंचाचा पसारा किती, हे सांगायचं. पसारा म्हणजे तीन मापं. एक व्यास, म्हणजे सर्वात दूरच्या दोन बिंदूंमधलं अंतर. दुसरं, सगळे बिंदू पोटात घेणारा सर्वात लहान गोल. तिसरं, संचाची रुंदी. रुंदी मी आज बाजूला ठेवतो. व्यास आणि गोल या दोघांमध्येच पुरेसं नाट्य आहे.

आधी प्रवाह म्हणजे काय ते पक्कं करू. तुमच्या हातात एक पाटी आहे. बिंदू एकेक करून समोरून जातात. पाटीवर तुम्ही लिहू शकता, पुसू शकता, पण गेलेला बिंदू परत बोलावता येत नाही. शेवटचा बिंदू गेला की उत्तर द्यायचं. पाटी किती मोठी लागेल, एवढाच प्रश्न. मर्यादित साठवणीत निवड आणि क्रमवारी कशी करायची यावर मनरो आणि पॅटर्सन यांनी १९७८ मध्येच लिहिलं होतं. १९९६ मध्ये अलॉन, मॅटियस आणि सेगेडी यांच्या निबंधानंतर या विषयाला आजचं रूप आलं, आणि त्या कामाला २००५ चं गोडेल पारितोषिक मिळालं.

आता सोप्या बाजूने सुरुवात करू. बिंदू सपाट कागदावर आहेत, दोन मिती. व्यास हवा आहे, पण एक टक्का चूक चालेल. किती मोठी पाटी लागेल? १८० अंशांत १५-१५ अंशांवर १२ दिशा आखा. प्रत्येक दिशेने बिंदूची सावली कुठे पडते ते बघा आणि त्या दिशेतली सर्वात लहान व सर्वात मोठी सावली एवढंच लिहून ठेवा. झाल्या २४ संख्या. खरा व्यास कोणत्याही दिशेला असू दे, आपल्या कुठल्या तरी दिशेपासून तो जास्तीत जास्त साडेसात अंश ढळलेला असणार. साडेसात अंशांची कोसाइन ०.९९१४. म्हणजे आपण सांगू ते अंतर खऱ्या व्यासाच्या ९९ टक्क्यांच्या वरच राहील, आणि खऱ्यापेक्षा मोठं कधीच नसेल. बिंदू हजार असोत की शंभर कोटी, पाटीवर २४ संख्याच.

हे इतकं छान जमलं की वाटतं, मग अडचण कुठे आहे?

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे, चूक अजिबात नको असं कुणी म्हटलं तर. दुसरी म्हणजे, मिती वाढल्या तर. बाहेरून या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण आत एकच यंत्र आहे.

ते यंत्र असं. समजा अलका आणि बाळू असे दोघे आहेत. अलकाकडे एक लांब यादी आहे, प्रत्येक घरात ‘आहे’ किंवा ‘नाही’. बाळूकडे फक्त एक क्रमांक आहे. अलकाने बाळूला एकच चिठ्ठी पाठवायची, आणि बाळूने ती वाचून सांगायचं की त्या क्रमांकाच्या घरात ‘आहे’ की ‘नाही’. बाळूचा क्रमांक अलकाला माहीत नाही. अशा वेळी चिठ्ठी जवळपास यादीइतकीच लांब लागते. नाणेफेक करून, तीनपैकी दोनदा बरोबर आलं तरी चालेल, अशी सूट दिली तरीसुद्धा. दोघांमधल्या संवादाचा खर्च मोजायची ही चौकट अँड्र्यू याओ यांनी १९७९ मध्ये घालून दिली.

आता ही यादी भूमितीत बसवायची. एका वर्तुळाच्या अर्ध्या परिघावर हजार जागा समान अंतरावर आखा. अलकाच्या यादीत जिथे ‘आहे’, तिथे ती बिंदू ठेवते. तुमचा अल्गोरिदम तिच्या बिंदूंवर चालवते आणि पाटी जशीच्या तशी बाळूकडे पाठवते. पाटी हीच चिठ्ठी, बरं का. बाळू आपल्या क्रमांकाच्या जागेच्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, एक बिंदू ठेवतो आणि अल्गोरिदम पुढे चालवतो. वर्तुळाची त्रिज्या १ धरा. अलकाचा तो बिंदू असेल तर व्यास बरोबर २ येईल. नसेल तर सुमारे १.९९९९९७५ येईल. अचूक उत्तर देणारा अल्गोरिदम या दोहोंत फरक करेल, म्हणजे बाळूला यादीतलं घर वाचता येईल, म्हणजे पाटी यादीइतकी मोठी असलीच पाहिजे. प्रवाहात अचूक व्यासाला बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात मेमरी लागते हा निकाल फायगेनबाउम, कन्नन आणि झांग यांचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. २ आणि १.९९९९९७५ यांच्यात फरक करायचा हट्ट सोडला की सगळी अडचण संपते. २४ संख्या पुरतात. कागदावर जागा कमी आहे. हजार बिंदू अर्ध्या वर्तुळावर बसवले की ते एकमेकांना चिकटणारच. बाळूच्या समोरची जागा रिकामी असली तरी तिची शेजारीण भरलेली असते, आणि शेजारीण जवळजवळ तेच उत्तर देते.

उंच मितींमध्ये शेजारीणच नसते. सगळी गोम इथे आहे. तीन मितींत एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशा तीनच. हजार मितींत हजार. पण ‘काटकोनात’ ऐवजी ‘जवळपास काटकोनात’ म्हटलं, तर अशा दिशांची संख्या मितींबरोबर घातांकी वेगाने फुगते. यादृच्छिक दिशा निवडल्या तर त्यातल्या बहुतेक एकमेकींना जवळपास काटकोनातच असतात. एकक गोलावरच्या अशा कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे √२, म्हणजे १.४१४. आता अलका-बाळूचा तोच खेळ या बिंदूंवर मांडा. अलकाचा बिंदू असेल तर व्यास २. नसेल तर? जवळची शेजारीण नाहीच, त्यामुळे व्यास एकदम १.४१४ वर कोसळतो. म्हणजे √२ पटीपेक्षा चांगला अंदाज देणारा कुठलाही एका फेरीचा अल्गोरिदम बाळूला यादी वाचून देईल. मग त्याची पाटीही यादीएवढी, म्हणजे घातांकी मोठी.

अगरवाल आणि शरथकुमार यांचा व्यासावरचा निकाल हाच. आणि समीक्षक म्हणून पहिली दाद इथे द्यायला हवी. एकाच रचनेवर त्यांनी व्यास उभा केला, गोलही उभा केला. शिवाय नुसतं ‘होणार नाही’ म्हणून थांबले नाहीत. दुसऱ्या बाजूने अल्गोरिदम दिला. त्याची कल्पना साधारण अशी : बिंदूंचे थोडे छोटे गट पाटीवर ठेवायचे, प्रत्येक गटाचा आपला एक गोल. नवा बिंदू यांपैकी कुठल्याही थोड्या फुगवलेल्या गोलात पडला तर सोडून द्यायचा. नाहीच पडला, तर हातातले सगळे गट आणि तो बिंदू मिळून एक नवा, मोठ्या गोलाचा गट करायचा, आणि फार लहान झालेले जुने गोल काढून टाकायचे. मेमरी मितींच्या सरळ प्रमाणात, बिंदूंच्या संख्येशी संबंध नाही. व्यासासाठी यातून √२ च्या अगदी थोडं वर असा अंदाज मिळतो. खालून √२, वरून √२. व्यासाचा हिशोब मिटला. असं दोन्ही टोकं जुळणं या क्षेत्रात रोज होत नाही.

आता गोलाकडे वळू. इथे खेळ थोडा बदलतो. बाळू आपला बिंदू एकक अंतरावर ठेवत नाही. आपल्या क्रमांकाच्या बिंदूच्या बरोबर विरुद्ध दिशेला, २.४१४ इतक्या अंतरावर ठेवतो. अलकाचा तो बिंदू असेल तर दोघांत अंतर ३.४१४, म्हणजे गोलाची त्रिज्या निदान १.७०७. नसेल तर गोलाचं केंद्र बाळूच्या बाजूला १ एककाने सरकवा. अलकाचे बाकीचे बिंदू त्या दिशेला जवळपास काटकोनात आहेत, त्यामुळे पायथागोरसने ते केंद्रापासून √२ वर येतात. बाळूचा बिंदूही २.४१४ वजा १, म्हणजे १.४१४ वर. सगळे १.४१४ त्रिज्येत मावले. १.७०७ भागिले १.४१४ म्हणजे १.२०७. तेव्हा १.२०७ पटीपेक्षा चांगला अंदाज हवा असेल तर एका फेरीत, उंच मितींत, आटोपशीर मेमरीत तो मिळत नाही.

आणि अल्गोरिदमची बाजू? २००६ मध्ये झराबी-झादेह आणि चॅन यांनी दाखवलं होतं की पाटीवर एकच गोल ठेवला, बाहेर पडलेला बिंदू आला की जुना गोल आणि तो बिंदू यांना पोटात घेणारा सर्वात लहान गोल घेतला, तरी उत्तर दीड पटीच्या आत राहतं. अगरवाल-शरथकुमार यांनी ते १.३६६ च्या आसपास आणलं. मग २०११ मध्ये टिमोथी चॅन आणि विनायक पाठक यांनी त्याच अल्गोरिदमचं नव्याने विश्लेषण केलं आणि तो प्रत्यक्षात १.२२ पर्यंत चांगला आहे असं सिद्ध केलं. अल्गोरिदममध्ये एक ओळ बदलली नाही. बदललं ते त्याचं वाचन. चिकित्सा का करावी असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

इथपर्यंत कौतुक. आता तक्रारी.

पहिली तक्रार आकड्यांची. निबंधातलं प्रमेय ज्या रूपात मांडलं आहे, त्यात √२ ला एक सुधारणा-घटक जोडलेला आहे : एक वजा, दोन भागिले मितींचं घनमूळ. आणि मेमरीची मर्यादा अशी : मितींचं घनमूळ काढा, २.७१८ ला तेवढ्या घातात चढवा. ती संख्या आणि बिंदूंची संख्या यांत जे लहान, तेवढी मेमरी लागेल. आता जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. हजार मिती घ्या. घनमूळ १०. सुधारणा-घटक ०.८. मर्यादा १.४१४ वरून १.१३ वर घसरते. मेमरी सुमारे २२ हजार. आता २७ मिती घ्या. घनमूळ ३, घटक एक-तृतीयांश, आणि मर्यादा ०.४७. एकपेक्षा कमी पट! म्हणजे प्रमेय काहीच सांगत नाही, कारण एकपेक्षा कमी पटीचा अंदाज मुळात नसतोच. मग प्रमेय बोलायला लागतं कधी? मी हिशोब केला. व्यासासाठी साधारण ३१९ मितींपासून. गोलासाठी सुमारे १५८४ मितींपासून. त्याखाली हे विधान, लिहिलं आहे त्या रूपात, रिकामं आहे.

हा प्रमेयाचा दोष म्हणता येणार नाही. लेखकांना मिती अनंताकडे जाताना काय होतं ते सांगायचं होतं आणि त्यांनी सोयीचे घटक निवडले. दिशा किती काटेकोर काटकोनात हव्यात आणि किती हव्यात, यांचं वाटप वेगळं केलं तर उंबरठा खाली आणता येईल. माझं म्हणणं आपल्या वापराबद्दल आहे. आपण हा निकाल एका ओळीत सांगतो : ‘उंच मितींत √२ पेक्षा चांगला व्यास अशक्य.’ उंच म्हणजे किती? त्या ओळीत ते नसतं. ५० मितींचा डेटा हाताळणारा माणूस ती ओळ ऐकतो आणि हात टेकतो. त्याच्यासाठी हे विधान अजून बोललेलंच नाही.

[श्रोत्यांमधून प्रश्न : म्हणजे ५० मितींत २४ संख्यांसारखी युक्ती चालेल का?]

तशीच्या तशी नाही. दिशा आखायच्या तर त्यांची संख्याही मितींबरोबर घातांकी वाढते, एक टक्क्यासाठी ५० मितींत ती कुठल्याच मशीनवर मावणार नाही. म्हणजे अडचण आहे हे खरं. पण ‘मला ज्ञात युक्ती परवडत नाही’ आणि ‘कुठलीही युक्ती अस्तित्वात नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ५० मितींना लागू आहे. दुसरं हे प्रमेय ५० मितींना लावत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि आजच्या व्याख्यानाचं कारण तीच आहे.

निबंधात व्यासाची मर्यादा आणि गोलाची मर्यादा एकाच साच्यात येतात. अमुक पटीपेक्षा चांगला अंदाज हवा, तर तमुक मेमरी लागेल. एक √२, एक १.२०७. मेमरीचा आकडा दोन्हीकडे तोच. वाचणाऱ्याला वाटतं की ही एकाच जातीची दोन सत्यं आहेत, फक्त स्थिरांक वेगळा. तसं नाहीये. आणि ते कळायला एकच प्रश्न पुरतो : प्रवाह दुसऱ्यांदा बघायला मिळाला तर?

हा प्रश्न हवेतला नाही. डेटा डिस्कवर पडून आहे, पण मेमरीत एका वेळी मावत नाही, ही परिस्थिती खूपदा असते. तिथे फेऱ्या मारता येतात. वेळ जातो, पण येतात.

गोलाचं काय होतं बघा. २००३ मध्ये बादोयू आणि क्लार्कसन यांनी एक अगदी साधी पद्धत दिली. कुठलाही एक बिंदू केंद्र माना. एक फेरी मारून त्या केंद्रापासून सर्वात दूरचा बिंदू शोधा. केंद्र त्याच्या दिशेने थोडं सरकवा : पहिल्या वेळी अर्ध्यावर, मग एक-तृतीयांश, मग एक-चतुर्थांश, असं. दहा टक्के चुकीच्या आत यायचं असेल तर शंभर वेळा करा, आणि शेवटी त्रिज्या मोजायला आणखी एक फेरी. पाटीवर काय ठेवायचं? सध्याचं केंद्र, आणि या फेरीत आतापर्यंत दिसलेला सर्वात दूरचा बिंदू. दोन बिंदूंएवढी जागा! मिती कितीही असोत. ज्या १.२०७ ला एका फेरीत घातांकी भिंत होती, तिच्या खूप आत, १.१ पर्यंत, आपण दोन बिंदूंच्या पाटीवर पोहोचलो. एक टक्का हवा असेल तर फेऱ्या दहा हजार होतात, पण पाटी तेवढीच राहते.

आता व्यास. इथे फेऱ्या मारून काही सुटतं का? अलका आणि बाळूचा खेळ बदलू. आता बाळूकडे एक क्रमांक नाही, अख्खी यादी आहे. अलकाकडेही यादी. दोघांनी कितीही वेळा चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करायची आणि ठरवायचं की दोघांच्या यादीत एखादं घर सामाईक आहे का. या प्रश्नालाही एकूण संवाद यादीच्या लांबीएवढा लागतो, हे कल्याणसुंदरम आणि श्निट्गर यांनी आणि पुढे रझबोरोव्ह यांनी सिद्ध केलं. चिठ्ठ्या किती वेळा फिरवल्या याने काही फरक पडत नाही. मग भूमिती लावा. अलका तिच्या यादीतले बिंदू ठेवते. बाळू त्याच्या यादीतल्या प्रत्येक बिंदूचा बरोबर विरुद्ध बिंदू ठेवतो. सामाईक घर असेल तर व्यास २. नसेल तर कुठलेही दोन बिंदू घ्या, दोघे अलकाचे, दोघे बाळूचे, किंवा एकेक, अंतर सुमारे √२ च. रचना तीच, एक बिंदू बदलला नाही. आणि निष्कर्ष : शंभर फेऱ्या मारा, मेमरी फार तर शंभरपटीने कमी होईल. ८००० मिती घेतल्या तर आधीच्या सूत्राने आकडा सुमारे ४८ कोटी येतो. स्थिरांक बाजूला ठेवले, आणि बिंदूही तेवढे आहेत असं धरलं, तर शंभर फेऱ्यांनी तो ४८ लाखांवर येईल. गोलाला त्याच शंभर फेऱ्यांत दोन बिंदू पुरले होते.

हाच खेळ गोलावर का खेळता येत नाही? हे बघण्यासारखं आहे. बाळूने २.४१४ अंतरावर एकाऐवजी दोन बिंदू ठेवले समजा, दोन वेगवेगळ्या दिशांना. त्या दिशा जवळपास काटकोनात, म्हणून दोघांत अंतर २.४१४ गुणिले १.४१४. ते येतं ३.४१४. म्हणजे बाळूच्या दोन बिंदूंनीच गोल १.७०७ पर्यंत ताणला! अलकाकडे काय आहे आणि काय नाही, याने आता काही फरकच पडत नाही. बाळूला फक्त एक बिंदू टाकायची मुभा आहे, आणि तो शेवटी टाकायचा. त्या मर्यादेचा सगळा जीव त्या एका उशिरा आलेल्या बिंदूत आहे. अर्थात, एक रचना चालली नाही म्हणून दुसरी चालणार नाही असं होत नाही. पण बादोयू-क्लार्कसन यांची पद्धतच सांगते की अनेक फेऱ्यांत अशी भिंत उभी राहणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. व्यासाची मर्यादा व्यासाबद्दल बोलते. गोलाची मर्यादा एका फेरीबद्दल बोलते. पहिली सांगते की हा प्रश्नच उंच मितींत जड आहे, कारण व्यास हा जोडीचा प्रश्न आहे. प्रत्येक बिंदूला प्रत्येक दुसऱ्याशी ताडून बघायची शक्यता उरते. दहा लाख बिंदू असतील तर सुमारे ५० हजार कोटी जोड्या. दुसरी सांगते की गोल शोधणं जड नाही. केंद्र एकच आहे आणि ते हळूहळू सरकवत नेता येतं. जड आहे ते पहिल्याच वेळी, भविष्य न बघता, योग्य बिंदू जपून ठेवणं. एकात अडचण वस्तूत आहे, दुसऱ्यात बघण्याच्या अटीत.

निबंध एका फेरीपुरता आहे असं लेखक सुरुवातीलाच स्वच्छ सांगतात, त्यामुळे त्यांना खोटं पाडायचा प्रश्न येत नाही. पण चांगला निबंध वाचकाला दोन निकालांतला फरकही दाखवतो. √२ ची मर्यादा आपल्याच रचनेतून, जवळपास फुकटात, अनेक फेऱ्यांनाही लागू करता येते, आणि १.२०७ ची करता येत नाही. या दोन वाक्यांनी निबंध अधिक खोल झाला असता. दोन मर्यादा एका साच्यात ओतल्या की साचा लक्षात राहतो आणि आतला माल विसरला जातो.

याने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. कल्पना करा, तुम्ही एक यंत्रणा आखताय. हजारो मितींचे बिंदू येणार आहेत. प्रश्न असा की येणारा डेटा साठवायचा की वापरून टाकून द्यायचा. साठवणीला पैसे पडतात. तुम्हाला गोल हवा असेल आणि दहा टक्के अचूकता हवी असेल, तर साठवणं सार्थकी लागेल. नंतर शंभर फेऱ्या मारा, छोट्या मेमरीत उत्तर मिळेल. ‘सिद्धांतच म्हणतो १.२०७ खाली जाता येत नाही’ असं ऐकून तुम्ही डेटा फेकून दिलात, तर ते नुकसान सिद्धांताने केलेलं नाही, अर्धवट वाचनाने केलेलं आहे. उलट तुम्हाला व्यास हवा असेल, तर डिस्कवर साठवून छोट्या मेमरीत फेऱ्या मारत बसण्याने वाईटात वाईट डेटावर फारसं काही पदरात पडणार नाही. तिथे मोठी मेमरी तरी घ्या, नाहीतर √२ वर समाधान माना. प्रमेयाचं वाक्य दोन्हीकडे एकच असलं तरी घ्यायचे निर्णय उलटे आहेत.

तिसरी तक्रार छोटी. या दोन्ही पुराव्यांत डेटाचा क्रम वैऱ्याने ठरवलेला आहे. आधी अलकाचे सगळे, मग बाळूचे. गोलाच्या बाबतीत तर बाळूचा बिंदू शेवटी आला नाही तर पुरावा ढासळतो. तोच बिंदू आधी आला असता तर अल्गोरिदमला कळलं असतं की कोणत्या दिशेला लक्ष ठेवायचं. बिंदू यादृच्छिक क्रमाने येत असतील तर हा पुरावा जसाच्या तसा लागू होत नाही. मर्यादा कोसळते असं मी म्हणत नाही. वेगळा पुरावा लागेल, एवढंच म्हणतो. डेटाची वाटणी वैऱ्याने न करता यादृच्छिक झाली तरी टिकणाऱ्या मर्यादा कशा सिद्ध करायच्या यावर अमित चक्रबर्ती, ग्रॅहॅम कॉर्मोड आणि अँड्र्यू मॅकग्रेगर यांनी २००८ मध्ये काम केलं आहे. त्या दिशेने जाऊन ‘उशिरा आलेला एक बिंदू’ किती खरा आणि किती कल्पित, हे तपासता येतं. सेन्सरच्या डेटात अचानक एक दूरचा बिंदू शेवटी येणं अगदी शक्य आहे. गठ्ठ्यातून ढवळून काढलेल्या नोंदींत ते तितकंसं शक्य नाही. आपला डेटा कुठल्या प्रकारचा, हे आपल्यालाच माहीत असतं, प्रमेयाला नाही.

मग हा निबंध वाचावा की नाही? जरूर वाचावा. भूमितीतल्या खालच्या मर्यादा कशा उभ्या राहतात हे शिकायला त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण. जवळपास काटकोनातल्या दिशांची एक कल्पना घेऊन तो किती दूर जातो बघा. त्याच्या अल्गोरिदममध्ये लेखकांना स्वतःला दिसलं त्याहून जास्त बळ निघालं, हीसुद्धा चांगल्या कामाची खूण आहे. आणि १.२०७ ते १.२२ ही फट आहे, ती आकड्याने चिमूटभर दिसते. ती बुजवावी जरूर. पण तिच्यावर जेवढं लक्ष जातं, त्याच्या निम्मं तरी ‘ही मर्यादा नेमकी कशाची आहे’ या प्रश्नावर जावं असं मला वाटतं.

विद्यार्थी मित्रांसाठी शेवटी एवढंच. पुढच्या वेळी ‘एवढी मेमरी लागतेच’ असं वाक्य समोर आलं, की पुरावा उघडा आणि बाळूला शोधा. तो किती बिंदू टाकतो? एक की अनेक? कधी टाकतो? आणि त्याचा खेळ चालायला मिती किती लागतात, तो आकडा प्रत्यक्ष मांडून बघा. बाळू एकदाच, शेवटी, एकच बिंदू टाकत असेल, तर दुसऱ्या फेरीत काय होतं ते स्वतः करून बघा. बऱ्याचदा तासाभराचं काम असतं, आणि निबंधात न लिहिलेली गोष्ट हाती लागते.

प्रश्न असतील तर घेऊ.